३१ हजार किमी आणि ९ वर्षं, की ९६ हजार किमी आणि ५ वर्षं? कुठली वॅगन आर घेऊ?

अबोली_वारजे | ६ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:४०

मंडळी, घरात गेले पंधरा दिवस एकच विषय चालू आहे. जुनी वॅगन आर घ्यायची आहे. बजेट चार लाखांच्या आत, आणि पाडव्याला दारात उभी हवी हा सासऱ्यांचा हट्ट. ढीगभर जाहिराती चाळून दोन गाड्या उरल्यात.

पहिली: २०१६ पासिंग, एमएच-१२, रनिंग ३१ हजार, फर्स्ट ओनर. सहकारनगरचे एक निवृत्त गृहस्थ आहेत. सव्वातीन लाख सांगतायत.

दुसरी: नोव्हेंबर २०२० पासिंग, एमएच-१४, रनिंग ९६ हजार, हीपण फर्स्ट ओनर. मालक औषध कंपनीत आहेत, दर आठवड्याला कोल्हापूर. तीन पंचाण्णव.

सासरे म्हणतात, एकतीस हजार म्हणजे नवीच की. नवरा म्हणतो, मॉडेल बघ, आकडा काय बघतेस. मला ९६ वाचून पोटात गोळा येतो, खरं सांगते.

वापर: वारजे ते हिंजवडी आठवड्यातून तीन दिवस, वर्षातून चार-पाचदा सांगली. सहा-सात वर्षं तरी बदलायची नाही.

ता.क. फोनवर दोघांनाही "मायलेज किती?" विचारलं. एक म्हणाले अठरा, दुसरे म्हणाले शहाण्णव हजार. तेव्हा कळलं की आधी प्रश्न नीट विचारायला शिकावं लागणार.

---

सरळ_हिशोब | ६ ऑक्टोबर, रात्री ११:०५

साधा ठोकताळा आहे. घरगुती पेट्रोल गाडी वर्षाला दहा-बारा हजार चालते. २०१६ची गाडी आज लाखाच्या आसपास हवी. ३१ हजार म्हणजे वर्षाला सव्वातीन हजार, महिन्याला पावणेतीनशे. म्हणजे एक तर गाडी झोपून होती, नाहीतर मीटर मागे फिरवलाय. दोन्ही वाईटच. दुसरी वर्षाला १९ हजारांच्या पुढे जाते. जास्त आहे, पण कोल्हापूरचा हिशोब जुळतो.

---

पेठेतला_पेन्शनर | ७ ऑक्टोबर, सकाळी ६:१५

महिन्याला पावणेतीनशे म्हणजे मीटर फिरवला? वा! माझी २०१३ची गाडी २८ हजारांवर आहे. मंडई, बँक आणि महिन्यातून एकदा लेकीकडे बावधनला. पेठेत एकदा जागेवरून गाडी काढली की ती जागा गेली, म्हणून आम्ही गाडी काढत नाही. रिक्षाने जातो. ठोकताळे करणाऱ्यांनी कधी शनिवार पेठेत पार्किंग शोधून बघावं.

---

दुचाकीवाला | ७ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

काका, सहा सव्वासहाला दिवसाचा पहिला प्रतिसाद! :)

बाकी धागा वाचतोय. मलाही आईसाठी एक गाडी बघायची आहे.

---

पाना_नंबर_१४ | ७ ऑक्टोबर, दुपारी २:१०

ताई, माझं २२ वर्षं गॅरेज होतं, आता मुलगा बघतो. थोडं सविस्तर लिहितो.

मीटर चाकं मोजतो. इंजिन किती वेळ चाललं ते मीटरला माहीत नसतं. तुम्ही वारज्याहून हिंजवडीला जाता ते साधारण १५ किमी, आणि चांदणी चौक, भूमकर चौक पार करून पोचायला तास लागतो. म्हणजे इंजिन एक तास फिरलं तेव्हा मीटर पंधरा पुढे गेला. कोल्हापूरला २३० किमी जायला साडेचार तास धरा. तिथे तासाला पन्नास. आता भागाकार करा. शहरातले ३१ हजार भागिले १५, म्हणजे दोन हजार साठ-सत्तर तास. हायवेचे ९६ हजार भागिले ५०, म्हणजे एकोणीसशे वीस तास. ज्या गाडीला तुम्ही "नवीच की" म्हणताय तिचं इंजिन दुसरीपेक्षा जास्त वेळ चाललेलं असू शकतं.

हा हिशोब ढोबळ आहे. चाकांचे बेअरिंग, शॉकअब्सॉर्बर, बुश, टायर हे किलोमीटरच मोजतात, तास नाही. ९६ हजारांत तो खर्च येणारच. क्लचचं मात्र उलटं. हायवेला क्लच दाबायचा कारण नसतो, आणि सहकारनगरातून स्वारगेटला जाऊन यायला शंभर वेळा दाबावा लागतो.

तिसरी गोष्ट जी कोणीच मोजत नाही: इंजिन गरम झालं का? मंडईपर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीचं तेल नीट तापतच नाही. थंड इंजिनात जळताना होणारं पाणी आणि थोडं कच्चं पेट्रोल तेलात उतरतं, आणि तेल तापलं नाही की तिथंच राहतं. तेलाच्या झाकणाखाली दह्यासारखा पिवळट थर दिसला तर समजा गाडी कायम दोन-दोन किमी चालली आहे. कंपनी सांगते दहा हजार किमी किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. कमी चालणाऱ्या गाडीचा मालक पुढचा अर्धा भाग वाचत नाही.

मग वय काय खातं? रबर. टायर, होस पाइप, दरवाजाचं बीडिंग, वायपर, इंजिन माउंटिंग. उभ्या गाडीचंही रबर कडक होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, गाडी चालो न चालो. बॅटरी उभ्या गाडीत लवकर मरते. आणि पुण्यात उभ्या गाडीचा चौथा शत्रू म्हणजे उंदीर. वायरिंग खाल्लेल्या किती गाड्या आणल्या लोकांनी, मोजदाद नाही.

एक दिलासा. या दोन्ही गाड्यांना टायमिंग चेन आहे, बेल्टची धास्ती नाही.

---

सरळ_हिशोब | ७ ऑक्टोबर, दुपारी २:४०

म्हणजे माझा ठोकताळा चुकीचा?

---

पाना_नंबर_१४ | ७ ऑक्टोबर, दुपारी ३:००

ठोकताळा शंका घ्यायला चांगला आहे हो, निकाल द्यायला नाही. हल्लीचे मीटर डिजिटल. मागे फिरवणारा लॅपटॉप लावतो, अर्ध्या तासात काम होतं. फक्त मीटर बघून काही कळत नाही. आकडा खरा आहे का ते गाडीच्या बाकीच्या अंगावरून ओळखायचं.

टायरच्या कडेला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३१ हजारांत टायर बदलायची वेळ सहसा येत नाही. २०१६च्या गाडीला २०१६चेच टायर असतील तर आकडा बहुधा खरा. एकतीस हजार सांगतात आणि टायरचा दुसरा सेट चढलाय, तर विचारा का. स्टेपनीपण बघा. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर, गियरच्या मुठीवरचे आकडे, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, या तीन ठिकाणी खोटं बोलता येत नाही. सगळं नवं कोरं बदललेलं दिसलं तर ते जास्तच संशयास्पद.

---

ओढ्याकाठची | ७ ऑक्टोबर, रात्री ८:२०

सहकारनगर वाचलं आणि थांबले. ताई, पहिल्या गाडीचं एकच विचारा: २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री ती कुठे होती?

आमची सोसायटी आंबील ओढ्याला लागून. त्या रात्री आमची गाडी छतापर्यंत पाण्यात गेली. विमा कंपनीने गाडी दुरुस्तीपलीकडची ठरवून टोटल लॉस दिला, गाडी उचलून नेली, आम्ही विसरलो. दीड वर्षाने सातारा रोडच्या सिग्नलला माझ्या शेजारी तीच गाडी उभी. तोच नंबर. मागच्या काचेवर माझ्या मुलीने चिकटवलेल्या फुलपाखराचा गोंदाचा ठसासुद्धा तसाच. आत नवी सीट कव्हरं, एक तरुण जोडपं, पुढे लिंबू-मिरची. सिग्नल सुटला आणि गेली. त्यांना कोणी सांगितलं असेल का, हे अजून डोक्यात येतं.

तेव्हापासून ओळखीत कोणी गाडी घेतली की मी जाते आणि सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढते. सीट धुतात, कार्पेट बदलतात, पण बेल्टचा आतला शेवटचा हातभर कोणी धूत नाही. तिथे गाळाची रेघ राहते. सीट सरकते ती पट्टी, डिकीत स्टेपनीखालची खोलगट जागा, डॅशबोर्डखालचे स्क्रू, हेही गंजलेत का बघा. आणि दुसरी गाडी सिंहगड रोडला राहत नव्हती ना? २५ जुलै २०२४ला तिथल्या एकतानगरीत पुराचं पाणी शिरलं होतं, सगळ्यांना माहीत आहे.

---

अबोली_वारजे | ७ ऑक्टोबर, रात्री ९:००

अंगावर काटा आला. रविवारी दोन्ही बघायला जाणार आहे, बेल्ट ओढणार म्हणजे ओढणार.

---

विमा_आणि_बरंच_काही | ८ ऑक्टोबर, सकाळी ११:१५

माझ्या धंद्यातून एक गंमत. विम्यात गाडीची किंमत ठरवताना किलोमीटर कुठेच येत नाहीत. फक्त वय. एक ते दोन वर्षं २० टक्के घसारा, तीन वर्षांपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. पाचच्या पुढे कंपनी आणि मालक दोघांनी मिळून किंमत ठरवायची. म्हणजे विम्याच्या लेखी मंडईला जाणारी आणि कोल्हापूरला जाणारी सारखीच, आणि बाजाराच्या लेखी किलोमीटरच सगळं.

अजून एक. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. "५० टक्के बोनस आहे पॉलिसीला" असं कोणी कौतुकाने सांगितलं तर त्याचं अभिनंदन करा, तुम्हाला त्यातलं काही मिळणार नाही.

---

नियमावली | ८ ऑक्टोबर, दुपारी १२:५०

इतक्या चर्चेत वयाचा सगळ्यात मोठा मुद्दा कोणी काढलाच नाही. गाडी कुठल्या नियमाखाली बनली?

एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी सोय) एप्रिल २०१९पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं, ड्रायव्हरची एअरबॅग आणि मागचे पार्किंग सेन्सर जुलै २०१९पासून. २०२०च्या गाडीत हे असणारच. २०१६मध्ये ते वेगळे पैसे मोजणाऱ्याला मिळत होतं आणि बहुतेकांनी मोजले नाहीत. सांगलीला जाताना पावसात खंबाटकी उतरणार असाल तर मला तरी या प्रश्नापुढे ३१ की ९६ हा वाद पोरकट वाटतो.

शिवाय २०१६ची गाडी २०३१ला पंधरा वर्षांची होईल. मग पुन्हा नोंदणी, आरटीओत तपासणी, पाच हजार फी आणि वर पर्यावरण कर. तुम्हाला सहा-सात वर्षं वापरायची आहे म्हणजे ते तुमच्याच गळ्यात येणार. पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलचा मुद्दा काढू नका. दोन्ही गाड्या २०२३च्या आधीच्या आहेत, त्या बाबतीत दोघी एकाच होडीत.

---

हळद_कुंकू | ८ ऑक्टोबर, दुपारी १:३०

थोडं अवांतर: भावाला २०१५ची डिझेल मिळतेय, दहा वर्षं झाली की भंगारात जाते म्हणे?

---

नियमावली | ८ ऑक्टोबर, दुपारी १:४५

तो नियम दिल्ली आणि आसपासच्या भागाचा. पुण्यात नाही. पण शहरात रोज आठ-दहा किमीसाठी डिझेल कशाला? वेगळा धागा काढा.

---

अबोली_वारजे | १२ ऑक्टोबर, रात्री ९:५०

आज दोन्ही पाहिल्या. सोबत नवरा आणि पाना काकांच्या मुलाच्या गॅरेजमधला एक मुलगा होता (काका, खूप आभार, त्याने चहासुद्धा आमचा घेतला नाही).

सहकारनगर. गाडीवर कव्हर, कव्हरखाली अजून एक चादर. काका पंचाहत्तरीचे. बंगला चढावर, ओढ्यापासून बराच वर. बेल्ट चारही बाजूंचे शेवटपर्यंत ओढले, स्वच्छ कोरे. काका बघत राहिले आणि म्हणाले, "आजवर बारा जण आले, बेल्ट ओढणाऱ्या तुम्ही पहिल्या." मग आतून एक दोनशे पानी वही आणली. पहिल्या दिवसापासून भरलेल्या प्रत्येक पेट्रोलची तारीख, लिटर, रुपये, मीटर. बॉलपेनने, एकही खाडाखोड नाही. टायरवर ०७१६, पाचही. म्हणजे ३१ हजार शंभर टक्के खरे.

आणि तरीही. टायरच्या कडांना केसासारख्या भेगा. त्या मुलाने नख लावलं तर नख वाकलं. दरवाजाचं बीडिंग हाताला चुऱ्यासारखं लागलं. बॉनेटखाली एका वायरीला काळी चिकटपट्टी. काका म्हणाले, "उंदराने खाल्ली होती, मीच लावली." गाडी तिसऱ्या वेळी चालू झाली. तेलाचं झाकण उघडलं तर पाना काका म्हणाले होते ते दही. वहीत तेल बदलल्याची शेवटची नोंद २०२२ची. मी विचारलं तर म्हणाले, "अहो, चालतेच कुठे, बदलायचं कशाला?" काकूंनी आतून काहीतरी सुनावलं, ते आम्हाला ऐकू आलं नाही.

एबीएस नाही. एअरबॅग नाही.

मग पिंपळे सौदागर. ही गाडी दिसायला थकलेली, खोटं कशाला बोला. बॉनेटवर पुढून दगड उडाल्याचे पंचवीस-तीस ठिपके, समोरची काच उन्हात बघितली की बारीक टोचे. ड्रायव्हरची सीट दाराकडून बसलेली, क्लचच्या पेडलचं रबर मात्र अजून खरखरीत. मालकाने न मागता दोन गोष्टी दिल्या. सर्व्हिसच्या बिलांची फाईल, दर दहा हजारांना एक, नऊ बिलं. आणि गेल्या वर्षाचं फास्टॅगचं स्टेटमेंट. त्यात कोल्हापूर रस्त्यावरचे टोलनाके: सोमवारी खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी. शुक्रवारी किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर. पानं उलटत गेलं तरी तेच. मधे दोन आठवडे रिकामे, विचारलं तर म्हणाले मुलगी झाली.

पहिल्या सेल्फला चालू. स्पीडब्रेकरवर पुढून डावीकडे खट् असा आवाज. आरसीवर अजून बँकेचं नाव आहे, कर्ज फिटलंय म्हणतात.

आता सांगा.

---

पाना_नंबर_१४ | १२ ऑक्टोबर, रात्री १०:३०

मुलाने मला सगळं सांगितलं. पहिलीला पाच टायर, बॅटरी, सगळी तेलं, होस, बीडिंग, ब्रेक खोलून साफ, वायरिंग तपासणी. माझ्या हिशोबाने पस्तीस-चाळीस हजार, आणि ते पहिल्याच महिन्यात. तीन वर्षं जुन्या तेलावर चाललेल्या इंजिनाची खात्री मी देणार नाही. दुसरीला पुढचे शॉकअब्सॉर्बर, लिंक रॉड, बुश. पंधरा-वीस हजार. क्लच वर्षभर तरी टिकेल.

फास्टॅगचं स्टेटमेंट मला सुचलं नव्हतं. मुलाला सांगितलं, आता प्रत्येक गिऱ्हाइकाला मागायला लाव. वर्षाला चाळीस फेऱ्या गुणिले ४६० म्हणजे अठरा हजार चारशे. पाच वर्षांचे ९२ हजार. वरचे चार इकडे-तिकडे. बसतंय.

---

पेठेतला_पेन्शनर | १३ ऑक्टोबर, सकाळी ६:१०

त्या सहकारनगरच्या गृहस्थांबद्दल माझ्या मनात आदर आहे. वही मीही ठेवतो.

काल संध्याकाळी माझ्या गाडीचं तेलाचं झाकण उघडून बघितलं. त्यावर अधिक लिहू इच्छित नाही. आज गॅरेजला जातोय. रिक्षाने नाही, गाडी घेऊन.

---

कागदोपत्री | १३ ऑक्टोबर, सकाळी १०:२०

दुसरी घेत असाल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि आरसीवरचं कर्ज उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनच्या पुढे एक रुपया देऊ नका. "फिटलंय, पत्र येईल" याला अर्थ नाही. मग गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्यालाही हे सांगा, कारण आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, अपघात झाला तर भरपाई त्याच्या गळ्यात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये हे स्पष्ट केलंय. आणि ऑनलाइन नोंदीत गाडी आधी टुरिस्ट परमिटवर होती का तेही पाहून घ्या. पिवळी पाटी काढून पांढरी लावलेल्या कमी नाहीत.

---

सरळ_हिशोब | १३ ऑक्टोबर, सकाळी ११:००

भाव करताना हेही काढा. २२ सप्टेंबरपासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ चा १८ झालाय. नवी स्वस्त झाली तर जुनीने जुन्याच भावात का बसावं?

---

अबोली_वारजे | २९ ऑक्टोबर, रात्री ८:३५

दुसरी घेतली. तीन बहात्तरला. जीएसटीचा मुद्दा काढला तेव्हा मालक हसले आणि म्हणाले, "तुम्ही सातव्या," पण दहा हजार कमी केले. बाकीचे तेरा त्या खट् आवाजाचे. बँकेचं पत्र यायला वेळ लागला, त्यामुळे पाडवा हुकला. परवा गाडी आली.

सासऱ्यांनी नारळ फोडला, आत बसले, पहिल्यांदा मीटर बघितला, मग माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत. काल त्यांना दवाखान्यात घेऊन गेले तर उतरताना म्हणाले, "सीट बरी आहे." नवरा म्हणतो याच्यापुढे मागू नकोस.

पुढचे शॉकअब्सॉर्बर बदलले. आवाज गेला.

---

दुचाकीवाला | २९ ऑक्टोबर, रात्री ९:१०

अभिनंदन ताई, पेढे कुठे?

एक विचारायचं होतं. ती सहकारनगरची गाडी गेली का? आईला कर्वेनगरातून डेक्कन आणि फार तर पद्मावतीला मावशीकडे जायचं असतं. हायवे नाही, चाळीसच्या वर ती चालवत नाही. पाना काका, टायर-तेलाचा खर्च वजा करून किती बोलू?

---

पाना_नंबर_१४ | २९ ऑक्टोबर, रात्री ९:४०

दोन ऐंशीच्या वर जाऊ नका. पुण्यातल्या पुण्यात, सावकाश, ओळखीचा रस्ता, तर विचार करायला हरकत नाही. तेल मात्र घरी आणायच्या आधी बदला, नंतर नाही. आणि आईंना सांगा, महिन्यातून एकदा कात्रजपर्यंत तरी जाऊन या. इंजिन तापू दे.

---

अबोली_वारजे | २९ ऑक्टोबर, रात्री ९:५५

गेली नसावी, रविवारीच काकांचा फोन आला होता, "तुमचं काय ठरलं" म्हणून. तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केलाय. सकाळी अकरानंतर फोन करा, आणि गेलात की आधी वही मागा. खूश होतात.